चर्चगावातल्या खोलीत नळ-शौचालय का आणू नये, आणि कुजलेला तळओंडका कसा बदलावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नोकरीनिमित्त उत्तर स्वीडनमधल्या लूलेओ शहरात राहता. तुमच्या सहकाऱ्याच्या कुटुंबाची जवळच्या गामेलस्टाडच्या चर्चगावात, म्हणजे लांबून प्रार्थनेला येणाऱ्यांनी चर्चभोवती बांधलेल्या मुक्कामाच्या घरांच्या वस्तीत, पिढीजात खोली आहे. तिच्या उत्तरेकडच्या भिंतीचा सगळ्यात खालचा ओंडका कुजला आहे आणि दार चौकटीला घासते आहे. नाहीतरी काम काढायचेच आहे, तर त्यातच आतून इन्सुलेशन, पाण्याची जोडणी आणि छोटे शौचालय करून टाकावे, म्हणजे वर्षभर वापरता येईल, भाडेही मिळेल, असे तुम्ही सुचवलेत. नगरपालिका याला नकार देते तो निव्वळ हट्ट आहे का, असे तुम्ही विचारता.

हट्ट नाही. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. कुजलेला ओंडका हा सुतारकामाचा प्रश्न आहे आणि त्याला ठरलेले, नीट उत्तर आहे. शौचालयाचा प्रश्न मात्र आपण नेमके काय जपतो आहोत इथपर्यंत जातो. दुसरा आधी घेतो, कारण त्याचे उत्तर चुकले तर पहिल्यावर केलेला खर्च वाया जातो.

गामेलस्टाडचे नेदरलूलेओ चर्च दगडी आहे आणि १४९२ साली पूर्ण झाले. त्याच्याभोवती लाल रंगाची, पांढऱ्या चौकटींची लाकडी घरे दाटीवाटीने उभी आहेत. १९९६ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतले तेव्हा नोंद ४२४ लाकडी घरांची होती. त्यांतल्या चर्चघरांत साडेपाचशेच्या आसपास खोल्या आहेत, आणि बऱ्याच घरांत खोलीगणिक मालक वेगळा. ही गर्दी झाली ती अंतरामुळे. चर्चपासून साधारण १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याने दर रविवारी, २० च्या आत राहणाऱ्याने एक रविवार सोडून, त्याहून लांबच्याने तीन आठवड्यांतून एकदा प्रार्थनेला यायचे असा जुना दंडक होता. बर्फातून घोडागाडीने आलेला शेतकरी त्याच दिवशी परतणार कसा? म्हणून रात्रीपुरती खोली बांधली गेली. सण, बाजार, खटले, लग्ने, मुलांची धर्मदीक्षा हे सगळे त्याच मुक्कामात उरकायचे. अशी ७१ चर्चगावे स्वीडनमध्ये एकेकाळी होती, त्यांतली १६ उरली.

इथे गाव उरले यातही एक गंमत आहे. राजा दुसरा गुस्ताव अडोल्फ याने १६२१ मध्ये लूलेओला शहराचा दर्जा दिला तो याच जागी. पण हिमयुगाच्या बर्फाचे ओझे उतरल्यापासून तिथली जमीन अजून वर येते आहे, वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर, म्हणजे शतकात जवळजवळ एक मीटर. बंदर उथळ झाले, आणि १६४९ मध्ये शहर दहाएक किलोमीटर पलीकडे हलवले गेले. चर्च मात्र हलले नाही, आणि चर्चभोवतीचा मुक्कामही हलला नाही. व्यापारी गेले, शहराची वाढ दुसरीकडे झाली, आणि जुनी आखणी आहे तशी राहिली.

म्हणजे ही घरे कायमच्या राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. कोकणातले घर गणपती-शिमग्याला उघडते आणि एरवी कुलूपबंद असते, तसा हा वापर आहे. फरक इतकाच की इथे अख्खे गावच तसे आहे. वारसा म्हणून नोंदलेली गोष्ट आहे ती हा अधूनमधूनचा वापर आणि त्याला बेतून केलेली बांधणी. आजही या घरांत कायम राहायला परवानगी नाही, आणि नळ-सांडपाण्याची जोडणी नाही. ही गैरसोय मुद्दाम राखलेली आहे, आणि त्यामागे इमारतशास्त्राचे कारण आहे.

नळ आणला की काय होते ते क्रमाने पाहा. जानेवारीत बाहेर उणे वीस. नळ गोठू नये म्हणून खोली सतत गरम ठेवावी लागते. ओंडक्याची भिंत उष्णता धरत नाही, बिल फुगते, म्हणून आतून इन्सुलेशन येते. इन्सुलेशन आले की ओंडका घराच्या उबेतून बाहेर पडतो आणि पूर्वीपेक्षा थंड राहतो. आतल्या माणसांच्या श्वासाची, स्वयंपाकाची, अंघोळीची वाफ फटींतून त्या थंड ओंडक्यापर्यंत पोचते आणि तिथे पाणी होते. ते होऊ नये म्हणून प्लास्टिकचा पडदा लावतात. पडद्याला एक भोक राहिले, आणि ते राहतेच, की ओल मागे अडकते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीची शक्यता सुरू होते. ३० च्या आसपास तिला हवे ते सगळे मिळते. पूर्वी थंडीत बुरशी निजलेली असायची, कारण घरच थंड असायचे. आता आपण तिला हिवाळाभर ऊबही पुरवतो. वर हे सगळे आतल्या फळ्यांमागे झाकलेले, त्यामुळे कळते तेव्हा भिंत गेलेली असते. सांडपाण्याच्या चराचे वेगळेच: तो घरांच्या दगडी जोत्यांना लागून खणावा लागतो, जोते खचते, आणि जमिनीखाली शतकांचे थर आहेत त्यांना हात लावायला पुरातत्त्वाची परवानगी लागते.

गरम न केलेली, हवा खेळणारी ओंडक्यांची खोली मात्र उत्तरेच्या कडक हिवाळ्यात चांगली टिकते. त्या थंड हवेत मुळात पाणीच कमी असते. धोका असतो तो वसंतात: बाहेर अचानक मऊ, दमट हवा येते आणि आत भिंती अजून गार असतात. त्या दिवसांत खिडक्या उघडून ‘हवा खेळवली’ तर भिंतींना घाम फुटतो. कोरडा, वाऱ्याचा दिवस पाहूनच उघडा. मुक्कामाला गेल्यावर चूल हळूहळू तापवा, एकदम भडका नको. निघताना आतली दारे किलकिली ठेवा आणि धुराड्याची झडप थोडी उघडी ठेवून हवेला वाट द्या, अर्थात राख पूर्ण विझल्यावर.

आता ओंडका. काय करायचे हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: कूज किती खोल आहे, ओल कुठून येते, आणि ती भिंत कोणाकोणाची आहे. तिसरी गोष्ट लोक विसरतात. शेजारची खोली दुसऱ्याची असेल तर ओंडके दोन्ही खोल्यांतून सलग गेलेले असू शकतात. एका बाजूचा कोपरा उचलला की शेजाऱ्याच्या खिडकीची काच तडकते. म्हणून शेजाऱ्याची संमती आणि त्याच्या खोलीत प्रवेश, दोन्ही आधी मिळवा.

तपासणी दाभणाने करा. दाभण किंवा बारीक पेचकस ओंडक्यात दाबत दर वीतभर अंतरावर जा. चांगल्या पाइनमध्ये टोक दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे जात नाही. बोटभर शिरले तर ती जागा खडूने आखा. ओलमापक असेल तर आकडेही लिहा, पण पाऊस पडून गेल्यावर लगेच मोजू नका. आपल्याकडे लाकूड पोखरले की वाळवीचा संशय येतो. तिथे वाळवी नाही. भुसा दिसला तर मोठे सुतारमुंगळे शोधा, आणि ते दिसले तरी मूळ कारण बहुतेक ओलच असते, कारण ते मऊ झालेले लाकूड आधी निवडतात.

ओलीचे मूळ शोधल्याशिवाय करवत उचलू नका. माझ्या पाहण्यात तळओंडका कुजण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण घरात नसते, अंगणात असते. वर्षानुवर्षे खडी, पाचोळा, माती साचून जमीन वर येते आणि जोत्याचे दगड बुडतात. ओंडका आणि जमीन यांत निदान २० सेंटीमीटर मोकळे दगड दिसायला हवेत. छपराच्या पागोळ्या खडीवर पडून उडतात आणि तोच पट्टा ओला राहतो. उत्तरेकडे सावली, त्यात रस्ता साफ करताना भिंतीला लावून ठेवलेला बर्फाचा ढीग, तो एप्रिलभर वितळतो. आणि कोणीतरी ‘उंदीर येतात’ म्हणून जोत्याच्या फटी सिमेंटने बुजवलेल्या असतात, त्यामुळे फरशीखालची हवा कोंडते. हे चारही आधी दुरुस्त करा: माती खरवडून उतार घराबाहेर द्या, सिमेंट छिन्नीने काढा, उंदरांसाठी जाळी लावा. बऱ्याचदा एवढ्यावरच ओलीचा आकडा पुढच्या उन्हाळ्यात खाली येतो, आणि ओंडका पुरा बदलायचा विचार होता तिथे अर्धाच बदलावा लागतो.

कूज फक्त बाहेरच्या अंगाला असेल तर बाहेरचा अर्धा भाग तासून काढतात आणि त्या मापाचा नवा तुकडा बसवतात. यात घर उचलावेच लागत नाही. पण वरचा सांधा बाहेरच्या बाजूला उतरता ठेवा. सपाट ठेवलात तर तिथे पाणी उभे राहते आणि नवे लाकूड जुन्याच्या आधी कुजते. गोंद किंवा फोम नको. लाकडी खुंट्या पुरतात.

कूज गाभ्यापर्यंत असेल तर तेवढी लांबी बदलायची. दाभण अडते तिथून आणखी वीतभर पुढे कापा, कारण बुरशीचे तंतू डोळ्याला दिसणाऱ्या कुजीच्या पुढे गेलेले असतात. नवे-जुने जोडताना अर्ध्यावर अर्धे बसणारा सांधा करा, लांबी ओंडक्याच्या उंचीच्या अडीच ते तीन पट. उंची २० सेंटीमीटर असेल तर सांधा ५० ते ६० सेंटीमीटर. तो जोत्याच्या दगडावर यायला हवा. दाराखाली, खिडकीखाली किंवा कोपऱ्यालगत नको.

उचलण्याआधी काय काय मोकळे करायचे याची यादी करा, कारण इथेच घरे मोडतात. दगडी चूल आणि धुराडे स्वतःच्या पायावर उभे असते. घर वर गेले तरी ते वर जात नाही. छपराला जिथे धुराडे भेदते तिथला पत्रा आधी सोडवा, नाहीतर छप्पर धुराड्याला उचलायला बघते आणि विटा निखळतात. दाराची चौकट, खिडक्यांच्या पट्ट्या, फरशीच्या तुळया तळओंडक्यात खाचलेल्या असतील तर त्याही सुट्या करा. मग भिंतीच्या आतून-बाहेरून दोन उभे वासे बोल्टने आवळा, म्हणजे वरचे ओंडके एकसंध उचलले जातील, आणि त्या वाशांखाली जॅक लावा. एका खोलीला दहा टनांचे दोन बॉटल जॅक सहसा पुरतात. जॅकखाली जाड फळी हवी, उघड्या मातीवर तो रुततो. एका वेळी ५ मिलिमीटरच्या वर नको, दोन्ही बाजू आलटून-पालटून, आणि प्रत्येक वेळी लाकडी पाचरी आत सरकवत जा. जॅक सुटला तर घर पाचरींवर बसले पाहिजे, माणसाच्या हातावर नाही. वजन हलके झाले आणि कुजका तुकडा हातोडीने निघाला की थांबा. घर ‘सरळ’ करण्याच्या मोहात पडू नका. दोनशे वर्षांत बसलेला बाक एका दुपारी काढलात तर कोपऱ्यातल्या खाचा फुटतात. तुमच्या दाराचे घासणे तळओंडका पूर्ववत झाल्यावर बहुधा आपोआप कमी होईल. उरले तर दाराला रंधा मारा, भिंतीला नाही.

लाकूड निवडताना घाई नको. हळू वाढलेला, दाट वलयांचा पाइन, हिवाळ्यात तोडलेला, १८ टक्क्यांच्या खाली वाळवलेला. गाभ्याचे लाकूड बाहेरच्या अंगाला येईल असे फिरवून बसवा. बाजारातला भराभर वाढलेला पाइन दिसायला सरळसोट असतो, पण त्यात बाहेरचे कोवळे लाकूड फार, आणि तेच आधी कुजते. दाबाने रसायन भरलेले हिरवट लाकूडही नको. ते ओले येते, वाळताना पिळते आणि सांधा उघडतो. बाहेरचा चेहरा कुऱ्हाडीने किंवा वाकसाने तासा, आजूबाजूच्या ओंडक्यांशी मिळतो आणि लाल रंगही खरबरीत अंगाला छान धरतो. दगड आणि ओंडका यांत भूर्जसालीचे दोन थर, पांढरी बाजू खाली की वर याचा वाद सुतार घालतातच, मला त्याने फरक पडलेला दिसला नाही. थर सलग असणे महत्त्वाचे. दोन ओंडक्यांमधल्या पन्हळीत वाळवलेले शेवाळ किंवा अंबाडीचे तंतू ठासून भरा. फवारायचा फोम कटाक्षाने टाळा, तो पाणी अडवून ठेवतो आणि पुढच्या दुरुस्तीला खरवडून काढता येत नाही. नव्या तुकड्याच्या झाकल्या जाणाऱ्या अंगावर दुरुस्तीचे वर्ष कोरून ठेवा. पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला जुने-नवे ओळखता आले पाहिजे.

रंगाबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण ओंडका बदलला की रंग लावावाच लागेल, आणि चुकीच्या रंगाने केलेले काम मातीत जाते. हा लाल रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीच्या मातीपासून होतो. गेरूचाच भाऊ, लोहाचा. त्याची खुबी अशी की तो लाकडावर पापुद्रा धरत नाही. ओल आत गेली तर बाहेर येऊ शकते. प्लास्टिक किंवा अल्किड रंग पापुद्रा धरतो. त्याला केसाएवढी चीर पडली की पाणी आत जाते आणि परतीची वाट बंद. आणि एकदा तसा रंग बसला की त्यावर फालूनचा लाल धरत नाही, सगळा खरवडावा लागतो. तयार डबे मिळतात, पण उकळून करायचा असेल तर ५० लिटर पाण्याला सुमारे २ किलो हिराकस, अडीच किलो राय धान्याचे किंवा गव्हाचे पीठ आणि ८ किलो रंगद्रव्य हे रूढ प्रमाण. उकळत्या पाण्यात हिराकस विरघळवा, पीठ गाठी न होऊ देता घोटत घाला, पंधरा मिनिटे उकळा, मग रंगद्रव्य घालून पुन्हा पंधरा मिनिटे. काही जण शेवटी चार-पाच लिटर जवसाचे तेल घालतात. रंग कमी झडतो, पण तेल जास्त झाले की पापुद्रा होऊ लागतो, म्हणून मी जुन्या भिंतींना तेलाशिवायचाच सुचवतो. जुना सुटा रंग ताठ ब्रशने झाडा, नव्या लाकडाला दोन हात, जुन्याला एक. पाऊस आणि ५ अंशांच्या खालचे तापमान टाळा. रंग हाताला लागतो, कपड्याला लागतो. तो तसाच असतो, बिघडलेला नसतो.

खिडकीच्या पांढऱ्या पट्ट्यांना जवसाच्या तेलाचा रंग, अगदी पातळ तीन हात. जाड हात दिला की सुरकुत्या पडतात. जुन्या पांढऱ्यात शिसे असण्याची दाट शक्यता. कोरडा घासू नका, ज्योत लावू नका, ओला करून खरवडा आणि चूर गोळा करा. जुनी किंचित लहरी काच असेल तर ती काढून दुहेरी काच बसवायचा विचार सोडा. काच धरून ठेवणारे लुकण सुटले असेल तर फक्त लुकण बदला, तेही खडू आणि जवसाच्या तेलाचे.

भाड्याबद्दल. शेलेफ्तेओजवळच्या ल्योव्होंगरच्या चर्चगावात घरे पाहुण्यांना भाड्याने दिली जातात, म्हणजे कल्पना अगदीच अशक्य नाही. तिथे मुक्काम मिळतो म्हणून छपरे दुरुस्त होतात, हे खरे; आणि घरमालक कुटुंबांचा जुना मुक्काम त्याने मागे पडतो, हेही खरे. गामेलस्टाडचे वैशिष्ट्य हे की तिथे खोल्या अजून कुटुंबांच्या हातात आहेत. माझे मत विचाराल तर तुमच्या सहकाऱ्याच्या घरच्यांनी वर्षातून चार मुक्काम केले तर ते चाळीस भाडेकरूंपेक्षा खोलीला बरे; घरच्या माणसाला छपरातला ओला डाग दिसतो, भाडेकरू सांगतही नाही. नियम नेमका काय म्हणतो ते लूलेओ नगरपालिकेच्या त्या भागाच्या आराखड्यात पाहा. जशास तशी दुरुस्ती असली तरी काम सुरू करण्याआधी बांधकाम विभागाला फोटोंसह लिहून विचारा. चर्चची इमारत वेगळ्या कायद्यात येते, तिला हात लावायला प्रांताच्या प्रशासनाची परवानगी लागते. तुमच्या खोलीशी त्याचा संबंध नाही.

आणि आग. चारशेहून अधिक लाकडी घरे, काही ठिकाणी हाताच्या अंतरावर. धुराडे साफ करून, आतून कॅमेऱ्याने तपासून घेतल्याखेरीज चूल पेटवू नका. बराच काळ न पेटवलेल्या धुराड्यात सांध्यांचा चुना झडलेला असतो आणि ठिणगी थेट माळ्यावर जाते. जुनी वायरिंग असेल तर निघताना मुख्य बटण बंद. धूर ओळखणारा गजर शेजाऱ्यालाही ऐकू जाईल असा जोडलेला असावा, कारण आग लागेल तेव्हा तुमच्या खोलीत कोणी नसण्याचीच शक्यता जास्त. रंगकामाच्या दिवसांतला खास धोका म्हणजे जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या. गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर वाळताना त्या आतल्या आत तापतात आणि कोणी काडी न ओढता पेट घेतात. प्रत्येक दिवशी काम संपले की त्या पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरांपासून लांब ठेवा.

कामाचा क्रम असा लावा: या वर्षी बर्फ गेल्यावर माती खरवडणे, जोते मोकळे करणे, आकडे लिहिणे आणि नगरपालिकेला पत्र. पुढच्या हिवाळ्यात लाकूड मागवून वाळत ठेवणे. त्यानंतरच्या जूनमध्ये, पुन्हा मोजून, मग जॅक. सहकाऱ्याच्या घरचे म्हणतील की दोन उन्हाळे कशाला. त्यांना पहिल्या आणि दुसऱ्या उन्हाळ्याचे ओलीचे आकडे शेजारी शेजारी दाखवा. ओंडक्याची किती लांबी कापून बदलायची ते त्यावरूनच ठरेल.